वाण परत मागणारी बाई

१२ फेब्रुवारी. आजचं काम : एकवीस बायकांना दिलेलं संक्रांतीचं वाण परत मागणे.

हे काम माझ्याआधी कुणी केलं असेल असं वाटत नाही. आमच्या घराण्यात तर नाहीच. माझ्या आजेसासूबाईंनी म्हणे एकदा लग्नात दिलेला शालू परत मागितला होता, पण तो रीतसर भांडण करून. मला मात्र हे अत्यंत प्रेमाने आणि सगळ्यांच्या भल्यासाठी करायचं होतं. तिथेच सगळं बिघडलं.

मूळ दोष माझ्या व्यवहारीपणाचा. आम्ही गुडगावात राहतो. आमचे हे मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. आसपासच्या सोसायट्यांतल्या आणि दिल्ली कँटोन्मेंटमधल्या मिळून आम्ही, मला धरून, बावीस मराठी बायका दर संक्रांतीला हळदीकुंकू करतो, आणि दर संक्रांतीला एकमेकींना प्लास्टिकचे डबे देतो. माझ्याकडे इतके डबे झाले, की त्यांत ठेवायला घरात वस्तू उरल्या नाहीत. यंदा मी ग्रुपवर जाहीर करून टाकलं, "माझ्याकडचं वाण उपयोगाचं असेल!" (हे वाक्य नंतर मला बऱ्याच जणींनी ऐकवलं.)

जानेवारीत इकडे हवा नुसती लागत नाही, दिसते. घराघरात एक तरी माणूस खोकत असतं. म्हणून मी ऑनलाइन एकवीस वाफेची यंत्रं मागवली. पांढरं भांडं, निळं झाकण, वर नाकाशी धरायचा मुखवटा. पाणी घाला, बटण दाबा, वाफ घ्या.

बायका हरखल्या. पुढचे तीन आठवडे नुसता कौतुकाचा पाऊस. "नीताताई, किती विचार करून दिलंत!" "रोज वापरते हो!" "आमच्याकडे तर रांग लागते!" लिमयेकाकूंनी तर भाजीच्या गाडीपाशी सगळ्यांसमोर सांगितलं, "दिवसातून तीनदा घेते. तुझ्या यंत्रामुळे जगतेय मी, नीता." लिमयेकाकू आमच्याच इमारतीत नवव्या मजल्यावर एकट्या राहतात. वय शहात्तर, दमा जुना. मला अगदी पुण्य लागल्यासारखं वाटलं.

आणि मग १२ फेब्रुवारीला सकाळी कंपनीचा निरोप आला. ह्यांनी तो चहा पिताना मोठ्याने वाचला. "प्रिय ग्राहक, आपण घेतलेल्या यंत्राचा तळ तडकून पाण्यात वीज उतरण्याची शक्यता आहे. वापर ताबडतोब थांबवा. सर्व नग परत मागवत आहोत (रिकॉल). संपूर्ण रक्कम परत मिळेल."

ह्यांनी कप खाली ठेवला आणि उभे राहिले. गाड्यांच्या धंद्यातला माणूस 'रिकॉल' हा शब्द ऐकला की राष्ट्रगीत लागल्यासारखा उभा राहतो.

"माल कुणाकुणाकडे गेलाय?"

"बायकांकडे."

"कुठल्या नंबरचा नग कुठल्या बाईकडे?"

"अहो, हळदीकुंकू होतं ते! अत्तर लावायचं, तिळगूळ द्यायचा, की यंत्राचा नंबर उतरवून घ्यायचा?"

"आमच्याकडे एक बोल्टसुद्धा नोंदीशिवाय बाहेर जात नाही."

"तुमच्या बोल्टला कुंकू लावतात का?"

आमची सई दिल्लीत वाढलेली, कॉलेजात आहे. ती मोबाइलमधून मान वर करून म्हणाली, "वाण म्हणजे रिटर्न गिफ्ट ना? म्हणजे तू रिटर्न गिफ्ट रिटर्न मागणार? आई यार, प्लीज, माझं नाव कुठे घेऊ नकोस."

मला पैशांचं काही नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं : लिमयेकाकू, मांडीवर माझं यंत्र, दिवसातून तीनदा, गुणिले तीन आठवडे. काकूंना काही झालं तर? आणि काही झालंच, तर तेराव्याला बायका काय म्हणतील? "वाणच तसं दिलं हो नीताने!"

मी ग्रुपवर लिहिलं : "संक्रांतीचं वाफेचं यंत्र कुणीही वापरू नये. धोका आहे. आजच माझ्याकडे परत आणून द्यावं."

पहिलं उत्तर : "खूप सुंदर विचार." आणि जोडलेले हात. (ही बाई कुठलाही निरोप न वाचता हेच लिहिते. तिच्या दिराच्या अपघाताच्या बातमीलाही तिने हेच लिहिलं होतं.)

दुसरं : "बदलून गुलाबी मिळेल का?"

तिसरं : "सवाष्णीला दिलेलं वाण परत घेत नाहीत, नीताताई. चांगलं नसतं."

चौथं : "कुणासाठी चांगलं नसतं? देणारीला की घेणारीला?"

यानंतर सत्तेचाळीस निरोप या एका प्रश्नावर आले. शॉकबद्दल एकही नाही. उलट मधेच एक-दोघी मला धीर देत होत्या, "अहो, मी तर रोज वापरते, मला काही होत नाही!" मला इकडे घाम फुटला. रोज! आणखी किती जणी रोज वापरतायत?

मग मी फोन हातात घेतला आणि एकेकीला दम देऊन यंत्र आणायला सांगितलं. दम दिला की बायका ऐकतात. संध्याकाळपर्यंत दाराशी रांग लागली. पण कुणाच्या घरचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आपल्या हाडीमासी भिनलेलं. आणि यंत्राला भांडं तर होतंच! पहिलं यंत्र आलं ते साखरेने भरून. दुसऱ्यात पोह्यांचा चिवडा. तिसऱ्यात रव्याचे लाडू, दाबून बसवलेले. एका यंत्रात ताजं लोणचं होतं.

"अगं, हे कंपनीला परत करायचंय!" मी ओरडले.

"मग कंपनीनेही खाऊ देत की," लोणचेवाली म्हणाली, "आईच्या हातचं आहे."

ह्यांनी दिवाणखान्यात टेबल मांडलं, प्रत्येक यंत्र उलटं करून तळाचा नंबर वहीत उतरवायला सुरुवात केली, आणि प्रत्येक यंत्राबरोबर साखर, चिवडा किंवा तेल टेबलावर आलं. सई चमचा घेऊन शेजारी बसली होती. घरात एवढा आनंद मी दिवाळीतसुद्धा पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन लावला. पलीकडे एक अतिशय नम्र गृहस्थ होते.

"मॅडम, आपने इक्कीस पीस लिए हैं. आपकी दुकान है?"

"नहीं."

"तो इक्कीस क्यों?"

"औरतें इक्कीस थीं."

"आपने उनको बेचे?"

"दिए. मुफ्त में."

"किस खुशी में, मॅडम?"

"संक्रांत की. घर बुलाया, हल्दी-कुंकू लगाया, और मशीन दे दी."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज. "मॅडम, मैं इसको कॉर्पोरेट गिफ्टिंग में डाल देता हूँ."

"डाल दीजिए."

"कॉर्पोरेट का जीएसटी नंबर बताइए."

मी हळदीकुंकवाचा जीएसटी नंबर देऊ शकले नाही. तेव्हा त्यांनी मला परत 'घरगुती ग्राहक' केलं, पुन्हा इक्कीस क्यों विचारलं, आणि आम्ही फिरून संक्रांतीपाशी आलो. तीन फेऱ्यांनंतर एवढं कळलं : ऑर्डर एक, म्हणून सगळी यंत्रं एकदमच न्यायला माणूस येणार. वीस चालणार नाहीत. आणि आत कुठलाही पदार्थ असता कामा नये.

"पदार्थ मतलब?" मी विचारलं. माझ्यासमोर सई चिवड्यातले शेंगदाणे वेचत होती.

आता उरली दोन यंत्रं. एक रंजना शिंदेकडे, दुसरं काकूंकडे. रंजनाचा नवरा सुभेदार, घर कँटोन्मेंटमध्ये. ती फोनवर एकदम बारीक आवाजात बोलायला लागली.

"ताई, रागावू नका. ते यंत्र मी शेजारणीला दिलं. म्हणजे तिच्याकडे पण हळदीकुंकू होतं ना..."

"मग तिच्याकडून घे."

"तिच्या मिस्टरांची पोस्टिंग झाली. सामान ट्रंकेत घालून जोधपूरला गेली ती."

मी डोक्याला हात लावला. पण सैन्य ते सैन्य! जोधपूरहून सुट्टीवर निघालेल्या एका जवानाच्या हातून चौथ्या दिवशी यंत्र माझ्या दारात हजर. आत मोजून अकरा बेसनाचे लाडू. (बारावा बहुधा रेवाडीच्या आसपास शहीद झाला.)

भारतीय सेनेने सहाशे किलोमीटरवरून यंत्र आणलं. पण चौथ्या मजल्यावरच्या मला नवव्या मजल्यावरून ते आणता येईना.

लिमयेकाकूंनी जन्मभर दिल्लीत एका सरकारी खात्यात नोकरी केली. नियमाचं पुस्तक त्यांना तोंडपाठ आहे, आणि नियम दिसला की त्यांचा दमा पळतो.

"काकू, यंत्र द्या. शॉक बसेल."

"मला बसला का?"

"अजून नाही."

"मग? बरं, पैसे कुणाला मिळणार?"

"मी घेतलंय, तर मला. मी लगेच तुम्हाला..."

"चूक!" काकूंनी चष्मा चढवला. "विकत घेणारा तो ग्राहक, आणि त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक. कायद्यात आहे. तू विकत घेतलंस. वापरते कोण? मी. दिवसातून तीनदा! तेव्हा परतावा मागायचा हक्क माझा. मी परवाच यंत्राचा नंबर घालून कंपनीला तसं पत्र ईमेलने धाडलंय."

मी तिथेच खुर्चीत बसले. कारण आदल्या दिवशी कंपनीकडून आलेला एक निरोप मला कळलाच नव्हता, तो आता कळला : 'एका नगावर दोन ग्राहकांचा दावा आल्याने आपली संपूर्ण ऑर्डर तपासणीसाठी थांबवण्यात आली आहे.'

"काकू, मला पैसे नकोत. सगळे तुम्ही घ्या. फक्त यंत्र द्या."

"आधी पैसे, मग यंत्र."

"कंपनी म्हणते आधी यंत्र, मग पैसे."

"तर मग मी वापरत राहीन. वापर चालू असला की हक्क शाबूत राहतो."

म्हणजे आता ही शहात्तर वर्षांची बाई केवळ कायदा टिकवण्यासाठी दिवसातून तीनदा तडकणाऱ्या यंत्रापाशी नाक नेणार! मला रात्रभर झोप नाही. सकाळी ह्यांनी उपाय सांगितला. "आम्ही गिऱ्हाइकाशी वाद घालत नाही. आधी चांगला माल देतो, मग वाईट उचलतो."

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"पहिल्या दिवशी तू बोल्टला कुंकू लावत होतीस."

मी तडक सदर बाजारात गेले आणि दुसऱ्या कंपनीचं यंत्र घेऊन आले. कंपनी दुसरी, पण साचा तोच असावा. पांढरं भांडं, निळं झाकण. काकूंनी दोन्ही यंत्रं टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली, नव्याचं झाकण उघडलं, मिटलं, वायर ताणून पाहिली, दुकानदाराची पावती दोनदा वाचून घडी करून भांड्यात टाकली. मग मला चहा दिला. मग दुधीहलवा दिला. मग म्हणाल्या, "ठीक आहे. बदली माल स्वीकारला. दाव्याचं मागाहून बघू." आणि स्वतःच्या हाताने जुनं यंत्र खोक्यात घालून मला दिलं.

मी विजयी मुद्रेने घरी आले. एकविसावं! ह्यांनी वही उघडली, यंत्र उलटं केलं आणि वहीतल्या नंबरांशी दोनदा ताडून पाहिलं.

"काय झालं?"

"हे आपलं नाही."

"म्हणजे?"

"कंपनी दुसरी आहे. आणि आत आजची पावती आहे."

म्हणजे चांगलं यंत्र मी घेऊन आले होते आणि तडकणारं काकूंकडे ठेवून आले होते. तेही 'हे एकदम सुरक्षित आहे हं काकू, बिनधास्त वापरा' असं सांगून!

घड्याळात साडेचार. काकूंची दुपारची वाफ! फोन लावला, उचलेनात. लिफ्ट तळघरात अडकलेली. मी पाच मजले जिन्याने चढले. सातव्या मजल्यावर माझा जीव गेला, तो आठव्यावर परत आला. काकूंचं दार कामवालीसाठी नुसतं लोटलेलं. आत टीव्हीवर मालिका मोठ्याने चालू, आणि खुर्चीत पांघरुणाचा एक ढीग. त्या ढिगातून वाफ येत होती!

यंत्राला हात लावायचा नाही, आधी वीज तोडायची, एवढं मला माहीत होतं. मी दारामागच्या मेन स्विचवर झडप घातली. टीव्ही बंद. दिवा बंद. फ्रिजने शेवटचा आचका दिला.

"कोण मेलं ते?" पांघरुणातून आवाज आला.

"काकू, हलू नका! हात लावू नका!"

"कशाला?"

मी पांघरूण ओढलं. आत काकू. काकूंसमोर स्टूल. स्टुलावर ओवा घातलेल्या गरम पाण्याचं पातेलं.

"यंत्र कुठंय?" मी धापा टाकत विचारलं.

"कपाटावर. तिथेच असतं."

"म्हणजे? तुम्ही दिवसातून तीनदा..."

"वाफ घेते की. पातेल्याने. पाण्यात वीज सोडून ती नाकाशी धरायला मी काय वेडी आहे?"

"अहो, मग भाजीच्या गाडीपाशी सगळ्यांसमोर का म्हणालात?"

"इतक्या हौसेने दिलंस गं," काकू म्हणाल्या. "तोंडावर काय सांगायचं तुला?"

मी खाली फरशीवर बसले. मग एकदम आठवलं. "काकू! वापरणारा तो ग्राहक ना? मग तुम्ही ग्राहक कशा?"

काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत चढवला. मग म्हणाल्या, "मालिका लाव आधी." मालिका संपल्यावर त्यांनी मुकाट्याने कंपनीला दुसरं पत्र लिहिलं : मी सदर वस्तूची वापरकर्ती नाही, सबब दावा मागे घेते.

खरं यंत्र बगलेत मारून मी जिना उतरत होते. तेव्हा कुठे माझं लक्ष त्याच्या प्लगकडे गेलं. पितळी पिनांवर कारखान्यातून येते ती पारदर्शक टोपी तशीच होती. मी थबकले. मग उरलेले मजले धावत उतरले.

"ती वीसही यंत्रं काढा!"

आम्ही टेबलावर रांग लावली. पहिल्या प्लगवर टोपी. दुसऱ्यावर टोपी. लोणचेवाल्या यंत्रावर टोपी. जोधपूर पाहून आलेल्या यंत्रावरही टोपी! एकवीस यंत्रं, एकवीस टोप्या. एकही कधी भिंतीला लागलेलं नव्हतं.

"तुम्ही क्वालिटीवाले ना?" मी ह्यांना म्हटलं. "आठवडाभर यंत्रं उलटी करताय. टोपी दिसली नाही?"

"मी नंबर बघत होतो," हे म्हणाले. "आणि चिवडा."

मी लोणचेवालीला फोन केला. "खरं सांग. रोज वापरत होतीस ना?"

"ताई, वाफ घ्यायला वेळ कुणाला आहे?" लोणचेवाली म्हणाली. मग घाईघाईने, "पण यंत्र फार म्हणजे फारच उपयोगाचं होतं हं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुसून लख्ख केलेली एकवीस यंत्रं कंपनीच्या माणसाच्या ताब्यात दिली आणि परताव्याचा अर्ज भरायला बसले. प्रत्येक नगाला वेगळं पान होतं. 'वस्तू किती वेळा वापरली?' मी शून्य लिहिलं. असं एकवीस वेळा शून्य लिहिलं. शेवटच्या पानावर विचारलं होतं, 'आमच्या उत्पादनाची शिफारस आपण इतरांना कराल का?'

मी लिहिलं : केली होती. एकवीस जणींना. एकीनेही ऐकलं नाही, म्हणून सगळ्या सुखरूप आहेत.